आधीचा चष्मा

रक्त काढणारी नर्स रजेवर होती म्हणून पीएचडी करणारी ती स्वतःच सुई घेऊन बसली, नाहीतर तिची आणि रुग्णांची गाठ पडायचं काही कारण नव्हतं. औषधं सुरू असताना क्षयरोग्याची प्रतिकारशक्ती कशी बदलते, हे ती तीन वर्षं फक्त नळ्यांमधून पाहत आली होती. तिच्याकडे माणसं यायची ती नंबर होऊन.

सत्तावीस नंबर समोर येऊन बसला. मास्कच्या वर दोन डोळे... आणि ते तिच्या चष्म्याकडे बघत होते.

"डावी काडी वाकलीय तुमची."

"हात सैल सोडा."

"सोडतो. पण चष्मा वाकडा असताना सुई सरळ जाईल ना?"

तिला हसू आलं. मास्कमुळे ते झाकलं गेलं, तेवढंच बरं.

तो चष्मे बनवायचा. उपचारांचा तिसरा महिना होता, थुंकीतले जंतू दिसेनासे झाले होते. पुढच्या महिन्यात नर्स परत आली, तरी सुई हिच्याच हातात. नर्सने भुवया उंचावल्या.

"त्यांच्या शिरा सापडायला अवघड आहेत," ही त्याच्यादेखत म्हणाली.

जाताना तो म्हणाला, "दुकानात या एकदा. काडी सरळ करून देतो. चहासुद्धा—"

"अभ्यासातल्या लोकांबरोबर चहा घेता येत नाही. नियम आहे."

"आणि अभ्यास संपल्यावर...?"

तिने नळीवर चिठ्ठी चिकटवली, ती उलटी.

सहाव्या महिन्यात तो शेवटचं रक्त द्यायला आला, तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. अकरा जणांचे आकडे इतरांशी जुळत नव्हते. क्षयाच्या जंतूला त्यांच्या पेशी वेगळंच उत्तर देत होत्या, आणि त्या अकरांत सत्तावीस नंबरही होता. सरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "तुझ्या हातून नळ्यांचा घोळ झालाय. सोमवारी हे अकरा गाळून टाक, नाहीतर प्रबंध विसर." घोळ झाला नव्हता हे तिला पक्कं माहीत होतं, पण पुरावा कुठे होता?

"माझा हिशेब जुळत नाहीये," ती सुई लावता लावता म्हणाली. "आणि मी चुकलेली नाही."

"दुकानात रोजचंच आहे हे. काच बिनचूक असते, तरी माणूस म्हणतो गरगरतंय. मग आम्ही आधीचा चष्मा मागतो. डोळ्यांना त्याची सवय लागलेली असते ना... तुम्ही विचारलंत, आधी काय होऊन गेलं ते?"

"विचारलं की. विषाणूच्या आजारासाठी कधी दाखल झाला होतात का? तुम्ही 'नाही' लिहिलंय."

"दाखल कुठे झालो? साथीत पंधरा दिवस मागच्या खोलीत पडून होतो. आई दाराबाहेर ताट ठेवायची. शेजारी दूध करपलं तरी वास आला नाही मला."

तिचा हात थांबला. तो प्रश्न तिनेच लिहिला होता. घरी आजारी पडलेल्या प्रत्येकाने इमानेइतबारे 'नाही' लिहिलं असणार!

"मॅडम... सुई अजून हातातच आहे माझ्या."

दोन दिवस ती प्रयोगशाळेतून हलली नाही. साठवलेल्या रक्तात तिने तो जुना आजार होऊन गेल्याची खूण शोधली. अकराच्या अकरा जणांत ती सापडली, आणि बाकीच्यांत जेमतेम दोघांत.

सोमवारी सरांनी कागद दोनदा वाचले. "प्रश्न कोणी चुकीचा विचारला होता?"

"मीच."

"मग उत्तरही तूच लिही. पहिलं प्रकरण हेच कर. पुढे मोठा अभ्यास लागेल, पण गाळायचं काही नाही." कागद परत देत ते म्हणाले, "घोळ म्हणालो, ते मागे घेतो."

आठवड्याने तो शेवटचा अहवाल घ्यायला आला. अहवाल स्वच्छ होता. अभ्यासातून मोकळा झाल्याच्या कागदावर त्याने सही केली, तेव्हा ती फाटकापाशी उभी होती... मास्क न लावता.

त्याने खिशातून इवलासा स्क्रूड्रायव्हर काढला. तीन महिने तो दर भेटीला आणत होता म्हणे. तिचा चष्मा त्याने अलगद उतरवला, काडी सरळ केली, पुन्हा तिच्या कानांवर बसवला आणि स्वतःचा मास्क काढला. पुढच्या दोन दातांत फट होती, आणि तो हसत होता.

"आता नीट दिसतंय?"

"दिसतंय." आज तिला कशाचीच भीती वाटत नव्हती. "तुम्ही मला आवडता. खूप दिवसांपासून."

"मला वाटलंच होतं. त्या शिरा—"

"दोरीएवढ्या आहेत," ती म्हणाली. "मला पहिल्याच दिवशी सापडल्या होत्या."