खरखरीखालचा आवाज

रेडिओतली खरखर काढायला मी पुष्कळ घरी गेलेय. कुणाच्या ट्यूबलाइटचा चोक खराब असतो, कुणाच्या शेजारी पिठाची गिरणी असते, तर कुणी अर्थिंगची तार नळाला बांधून मोकळा झालेला असतो आणि नळ असतो प्लॅस्टिकचा. दोन-तीन तासांचं काम. चहा प्यायचा आणि परत यायचं. दादासोकाकांकडेही मी तशीच गेले होते. दोन हजार सहाच्या फेब्रुवारीत, एका रविवारी, शिरोळच्या एसटीनं. पिशवीत पकड, मीटर आणि दुपारची भाकरी.

मी तेव्हा कोल्हापुरात एका कॉलेजच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये होते. राजारामपुरीत गच्चीवरच्या खोलीत एकटी राहायचे. वडील टेलिफोन खात्यात लाइनमन होते, तारांची भाषा त्यांनीच शिकवली. ते गेल्यावर मी हॅम रेडिओचा परवाना काढला. घरच्या सेटवरून, हवेतून, कधी न बघितलेल्या माणसांशी बोलायचं, एवढाच तो छंद. ज्याला घरात बोलायला कुणी नसतं त्याला तो लवकर लागतो.

काकाही मला हवेतच भेटले. लष्करात सिग्नलला हवालदार होते. गाव त्यांना मेजर म्हणायचं. बायको वारलेली, मुलगी सोनम वारणानगरला दिलेली. कृष्णेच्या काठाला, गावाबाहेर, उसाच्या मधोमध त्यांचं कौलारू घर. रोज सहाला आम्ही दहा मिनिटं बोलायचो. दोन हजार पाचच्या महापुरानंतर मात्र ते बोलेनासे झाले. सेट चालू असायचा, पण ते फक्त ऐकायचे. मग एकदा अचानक म्हणाले, "संघप्रिया, माज्या सेटवर लई खरखर हाय. यीवून काढ. मला ती पार गेलेली पायजे."

गेले. उसातल्या वाटेवर माणूस दिसला नाही. घरात पाय टाकला आणि आधी वास आला. पूर ओसरून सहा महिने झाले होते, भिंतींना चुना लावलेला होता, तरी गाळाचा तो ओला, गोडसर वास गेला नव्हता. पाण्याची रेघ चुन्याखालूनही दिसत होती. ती माळ्याच्या फळ्यांच्या वर हातभर होती.

काका वाळले होते. चहा झाला तरी खरखर कसली हे सांगेनात. शेवटी कप खाली ठेवून म्हणाले, "सेट बिघडल्याला न्हाय. खरखरीच्या मागं कोणतर बोलतंय."

"कोण?"

"गुंडू."

गुंडू मला माहीत होता. पाणीपुरवठा संस्थेचा पंप चालवायचा. तिशीचा, बिनलग्नाचा, आई झुंबरबाईबरोबर गावात राहायचा. काकांनीच त्याला मोर्सची टिंब-रेघांची भाषा शिकवली होती, परवाना मिळवून दिला होता. जुन्या भागांतून त्यानं एक लहानसा सेट बांधला होता, स्कूटरच्या बॅटरीवर चालणारा. त्यावरून तो माझ्याशीही एकदोनदा बोलला होता, ओरडून, जणू आवाज सेटनं नव्हे तर घशाच्या जोरावर पोचणार होता. महापुरात तो बुडाला, एवढंच मला कळलं होतं. बाकीचं काकांनी त्या दिवशी सांगितलं.

पूर चढला तेव्हा गावाच्या खालच्या अंगाची माणसं शाळेच्या वरच्या मजल्यावर हलवली होती. फोन बंद, रस्ते बंद. काका आपला सेट घेऊन शाळेत बसले आणि चार दिवस गावाचे निरोप बाहेर देत राहिले. एक मिनिट जागेवरून उठले नाहीत, जेवणसुद्धा तिथंच. तिसऱ्या दिवशी दुपारी चारला दहा कमी असताना गुंडूचा आवाज आला. मेजर, मेजर, असा. पुढं तो कुठं आहे ते सांगत होता. पण शाळेत जनरेटर चालू होता, आणि खाली सगळं पाणी, त्यामुळं सेटला अर्थिंग नव्हतं. जनरेटरची सगळी घरघर सेटमध्ये उतरत होती.

"मी म्हणालो, गुंडू, परत सांग. त्यानं परत सांगितलं. मी म्हणालो, परत सांग. जनरेटर बंद करा म्हणून वरडलो, तर आत बाळंतीण हुती, दिवा बंद करून कसं चालंल? तो बंद करस्तवर..." काकांनी हाताचा तळवा जमिनीकडे केला, आवाज बुडाला असा. "पाच येळा सांगितलं त्यानं. पाच येळा."

बोट पंपघराकडे गेली, कारण तो तिथंच असणार असं सगळ्यांना वाटलं. पंपघर रिकामं होतं. नऊ दिवसांनी गुंडू खूप खाली, बाभळीत अडकलेला सापडला.

"आनि आता रोज चारला धा कमी असताना तो बोलतोय. तेवढं ऐकू यीऊ दे मला. कुठं हुता तो. झुंबरबाईच्या दारात जायाला तोंड न्हाय मला सा म्हयनं झालं."

मी त्यांना समजावलं नाही. एकटं राहणाऱ्या माणसाला खरखरीत काय काय ऐकू येतं ते मला चांगलं माहीत होतं. खरखर काढू, मागं काहीच नाही हे त्यांना कळेल, मग ते सोनमकडे जाऊन राहतील, असा माझा हिशेब होता.

कामाला लागले. आधी घराचा मेन स्विच पाडला आणि सेट बॅटरीवर लावला. खरखर निम्मी झाली. म्हणजे निम्मी घरातली होती. स्टॅबिलायझरनं आणि जुन्या चोकनं केलेली. उरलेली तारांवाटे बाहेरून येत होती. मोडक्या टीव्हीतून काढलेली लोखंडी चुऱ्याची काळी कडी मी बरोबर आणली होती. त्यांच्यातून केबलचे सात-आठ वेढे घेतले. आणखी थोडी गेली. मग अर्थिंग बघितलं. काकांनी सेट, चार्जर, अँटेनाचा डबा, सगळ्यांना वेगवेगळ्या बारीक तारा लावून वेगवेगळ्या ठिकाणी जमिनीत सोडल्या होत्या. अशानं फायदा होत नाही, उलट तारांचा फेर तयार होतो आणि तोच खरखर गोळा करतो. सगळं एका जागी बांधायचं, आणि तिथून जाड, आखूड पट्टी सरळ जमिनीत. मागच्या भिंतीला लागून काकांनी खड्डा खणून ठेवला होता. त्यात तांब्याचा पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि मीठ भरलं, दोन घागरी पाणी ओतलं. माती पाणी प्यायली ती आवाज करून, एखाद्या तहानलेल्या माणसासारखी.

तोवर साडेतीन झाले होते. उसात वारा नव्हता. कुत्रं नाही, पाखरू नाही. पंपाची लाइट गेलेली. मी आत येऊन सेट लावला. सात मेगाहर्ट्‌झवर, जिथं गुंडू बोलायचा तिथं, फक्त मंद सूं असा आवाज होता. पट्टीचा नट अजून हातानंच आवळलेला होता.

"बघा," मी म्हणाले, "गेली खरखर. काही नाही."

काकांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं.

चारला दहा कमी झाले. सूं आवाजात काहीतरी हललं. दूर कुणीतरी तोंडावर घोंगडं घेऊन बोलावं तसं. मला वाटलं, कुठलं तरी परदेशी स्टेशन असेल. पकड घेतली आणि पट्टीचा नट आवळला. एक वेढा. आवाज जवळ आला. आणखी अर्धा वेढा.

"मेजर... मेजर... गुंडू बोलतोय..."

तो ओरडत नव्हता. मी ऐकलेला गुंडू नेहमी ओरडायचा. हा अगदी हळू बोलत होता, शेजारी कुणी झोपलेलं असावं तसा.

काकांनी माइक उचलला. त्यांचा हात स्थिर होता, मला आठवतं, सैनिकाचा हात.

"गुंडू. मेजर बोलतोय. सपष्ट ऐकू येतंय. कुठं हाईस?"

"तुमच्या घरात की... माळ्यावर..."

काकांनी वर बघितलं. मीही बघितलं. माळ्याच्या फळ्या, त्यावर कांद्याचं रिकामं पोतं, आणि हातभर वर ती रेघ.

"माज्या घरात? कशाला गेलतास रं तिथं?" काकांनी माइक तोंडाला टेकवला. "मी शाळंत हुतो, गुंडू... मी शाळंत हुतो..."

मग तोच हळू आवाज.

"असं काय करताय, मेजर... तुमीच आणलंसा की मला हितं."

"मी?"

"आमी दोघं हाय... पानी चडाय लागलंय... तुमी काय बोलंना झालाय... नुसतं बसलाय माज्या शेजारी..."

काकांचं बोट माइकच्या बटणावर होतं, पण ते दाबत नव्हते. आणि त्या शांततेत मला श्वास ऐकू आले. एक भराभर चाललेला, घाबरलेला. दुसरा सावकाश. अगदी सावकाश, पोटभर जेवून बसलेल्या माणसासारखा.

मी अँटेनाची केबल उपटली.

श्वास चालूच होते.

हे मी आजवर कुणाला पटवून देऊ शकलेले नाही. अँटेना नाही, म्हणजे हवेतून काही येत नाही. मेन बंद, म्हणजे तारांतून नाही. बॅटरी सोडली तर सेटला फक्त एक गोष्ट जोडलेली राहिली होती. मी ती तांब्याची पट्टी दोन्ही हातांनी धरली. बर्फासारखी गार होती. पकड लावली, नट उलटा फिरवला आणि पट्टी सेटपासून ओढून काढली.

सगळं थांबलं.

काका उठले. माळ्याला शिडी लावून वर चढले. कोपऱ्यातल्या वाळलेल्या गाळात हात घातला आणि गुंडूचा सेट बाहेर काढला. बांधलेली अँटेनाची तार कौलांपर्यंत गेली होती. सहा महिने ते त्याच्याखाली झोपत होते.

खाली येऊन त्यांनी सेट पंच्यानं पुसला, काखेत घेतला आणि चपला घातल्या. "चल," म्हणाले.

झुंबरबाईचं घर गावाच्या उंच अंगाला आहे. पूर आला तेव्हा पाणी तिच्या पायरीपर्यंतच आलं होतं, पुढचा सगळा रस्ता मात्र छातीइतका बुडालेला. म्हातारी उंबऱ्यात शेंगा फोडत बसली होती. काकांना बघून तिनं हात थांबवला, पण या म्हणाली नाही. काका अंगणातच मातीत बसले आणि सेट तिच्यापुढं ठेवला.

"गुंडू माज्या घरात हुता, झुंबरबाई. माळ्यावर. मला आज कळलं."

तिनं सेटवरून बोट फिरवलं. बोटाला गाळ लागला, तो तिनं पदराला पुसला. मग विचारलं, "एकटा हुता व्हय वं शेवटाला?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांची मान खाली गेली.

"न्हाय," ते म्हणाले. "एकटा न्हवता. मी हुतो संगं."

मला वाटलं, ते आईच्या समाधानासाठी खोटं बोलले. तिला तेवढाच आधार. पण झुंबरबाई रडली नाही. तिनं परत शेंगा पुढ्यात ओढल्या.

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "तुमीच आलासा की त्याला न्यायाला. हितंच, पायरीवर हुबं ऱ्हायलासा. चल म्हणालासा, तो सेट घीऊन गेला मागनं. सा म्हयनं वाट बघतोय मी, मेजर येतील आन सांगतील, त्याला सोडून तुमी एकलंच कसं वाचलासा."

"झुंबरबाई," काका म्हणाले, "मी शाळंतनं उठलोच न्हाय. गाव साक्षीला हाय..."

"आसंल." तिनं एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. काकांकडे न बघता, त्यांच्या पावलांकडे बघत म्हणाली, "त्या दिवशी मला बी जरा येगळंच वाटलं हुतं. एवढा पूर तुडवत आलासा, मेजर, आन तुमचं पाय कोरडं हुतं."