सुलक्षणा अजून कामावर आहे

खोटं सांगून मला काही मिळायचं नाही. ज्याला पटत नसेल त्याने इथेच थांबावं, आपापल्या कामाला लागावं.

ही गोष्ट याच उन्हाळ्यातली. धुळे जिल्हा, नरडाण्याजवळचं आमचं गाव. गावाचं नाव सांगणार नाही. मी तिथली सरपंच आहे आणि मला अजून तिथेच राहायचं आहे.

भुतं रात्री निघतात म्हणे. आमच्याकडे दुपारी निघालं... भर उन्हात, कुत्री ओट्याखाली शिरतात आणि रस्त्यावर चिटपाखरू नसतं तेव्हा.

आधी पंचायतीचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

दाखले, नोंदी, सगळं कॉम्प्युटरवर गेलं. पण त्यासाठी सरकारने माणूस नेमला नाही. एका कंपनीला कंत्राट दिलं. कंपनीने प्रत्येक गावात ऑपरेटर ठेवायचा, गावाच्या निधीतून दरमहा कंपनीला पैसे जायचे, आणि कंपनी त्यातले तिला वाटतील तेवढे ऑपरेटरला द्यायची. तेही वाटेल तेव्हा. या कंपनीचा मालक काळा की गोरा, मी आजवर पाहिला नाही.

आमची ऑपरेटर सुलक्षणा. मजुरीला जाणाऱ्या झुंबरबाईची एकुलती पोर. हातात काचेच्या हिरव्या बांगड्या. टाईप करताना त्या टेबलाला लागायच्या.

टक टक टक... किण्ण.

माझ्या घरापर्यंत ऐकू यायचं.

ऑपरेटरने काम केलं, अशी सही सरपंचाने दर महिन्याला करायची, मग कंपनीचे पैसे सुटतात. ही सही पेनाची नाही. पेनड्राईव्हसारखी डोंगल असते, ती कॉम्प्युटरला लावायची. बाकीच्या गावांत ती डोंगल ग्रामसेवकाच्या खणात पडलेली असते. आपण कशाकशावर सह्या केल्या, हे सरपंचबाईला माहीत नसतं.

माझी डोंगल माझ्या कमरेच्या पिशवीत असते.

ग्रामसेवक प्रेमराजभाऊ कुरकुरायचे. "अक्का, एवढी काय जपता? सोन्याची आहे का?"

"सोनं गेलं तर माझं एकटीचं जाईल, भाऊ. ही गेली तर बठ्ठं गाव जाईल."

एप्रिलमध्ये सुलक्षणाला ताप आला. सुट्टी घेतली की कंपनी पगार कापते, म्हणून पोर तापातच येऊन बसायची. मी दंडाला धरून उठवलं. अंग तव्यासारखं.

"घर जाय, पोरी."

"एवढे दाखले करते अक्का, मग जाते."

मग तिला धुळ्याला न्यावं लागलं. तिथून ती परत आली नाही.

मी खोलीला कुलूप घातलं. किल्ली माझ्याकडे. कंपनीला कळवलं... ऑपरेटर वारली, जागा रिकामी आहे.

मे महिन्यात मगन आला, लग्नाच्या नोंदीचा दाखला घेऊन. चेहरा खुशीत.

"बरं झालं अक्का, लवकर काम झालं."

"कोणी दिला?"

"मोबाईलवर आला. आपल्याच पंचायतीचा आहे."

त्याचा अर्ज सुलक्षणा गेल्यानंतरचा होता.

मला वाटलं, तालुक्याहून कोणी करत असेल. त्याच दुपारी खात्री करायला पंचायतीत गेले. गावात लाईट नव्हती. सगळीकडे शांत.

कुलूप जागेवर.

मी किल्ली काढली, आणि आतून...

टक टक टक...

माझा हात तिथेच थांबला.

किण्ण.

मी घाबरणारी बाई नाही. कुलूप काढून दार ढकललं.

आत कोणी नव्हतं.

पण कॉम्प्युटर चालू होता. लाईट नसताना. खुर्ची मागे सरकलेली, आत्ताच कोणी उठून गेल्यासारखी. मी बैठकीला हात लावला...

तव्यासारखी.

मेमध्ये सगळंच तापतं, एवढं मलाही कळतं. पण बाजूची भिंत माझ्या हाताला गार लागली होती.

त्यानंतर रोज दुपारी तेच. बाया पंचायतीसमोरून जाईनाशा झाल्या. एका दुपारी पाहिलं तर झुंबरबाई उन्हात उभी, बंद दाराला कान लावून.

"अक्का, हाई मनी पोर शे."

मी किल्ली काढली.

"मरीसन बी काम करी ऱ्हायनी. तिले घर धाड ना, अक्का."

मी दार उघडून उंबऱ्यात उभी राहिले. म्हटलं, "सुलक्षणा, बस झालं. घर जाय."

आवाज थांबला.

झुंबरबाईने माझा पदर घट्ट धरला होता.

मग पुन्हा... टक... टक... सावकाश. दमलेल्या माणसाचं काम चालतं तसं.

महिना भरला. प्रेमराजभाऊ सही मागायला आले. मी नाही म्हटलं. मग कंपनीच्या माणसाचा फोन.

"ताई, तिच्या लॉगिनवरून रोज काम होतंय. आमचं बिल का अडवलं?"

"अरे, पोरगी मेली."

"सिस्टीमला काम दिसतंय, ताई."

"मग तुझ्या सिस्टीमला घेऊन ये, तिची राख दाखवते."

मी वर तक्रार केली. तेव्हा कुठे जिल्ह्याच्या ऑफिसातले एक साहेब तपासणीला आले. मला बरं वाटलं. शिकलेला माणूस, स्वतःच्या कानांनी ऐकेल, काहीतरी मार्ग काढेल. दुपारी त्यांना त्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. मी शेजारी. प्रेमराजभाऊ बाहेर, चपला घालून तयार.

थोडा वेळ काहीच नाही. साहेब घड्याळ बघत होते.

मग बटणं खाली जाऊ लागली... आपोआप. एकामागून एक.

किण्ण.

साहेबांच्या कपाळावरचा घाम नाकावर आला, तरी त्यांनी पुसला नाही. बटणं थांबली तेव्हा उठले, बाहेर जाऊन तांब्याभर पाणी प्यायले आणि गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहू लागले.

"काय लिहिलं, साहेब?"

"काम चालू आहे."

"आणि करतंय कोण?"

साहेब माझ्याकडे बघेनात. "अक्का, काम होतंय की नाही एवढंच विचारलंय. कोण करतंय, त्याला रकाना नाही."

गाडी गेली. धूळ खाली बसेपर्यंत मी तिथेच उभी होते. इतकी मी कधी नांगरटीतही थकले नव्हते.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या त्याच माणसाचा फोन. आवाज एकदम गोड. "ताई, राहिलेल्या सह्या करून टाका. आम्ही तुमच्या गावावरून तिचं नाव काढतो. विषय संपला."

झुंबरबाई माझ्या ओट्यावर शेजारीच बसली होती. तिने सगळं ऐकलं. नुसती माझ्याकडे बघत राहिली.

खोटी सही म्हणावी तर काम झालेलं. खरी म्हणावी तर माणूस नाही. चोराच्या घरात गावाचा पैसा जाणार, हे मला दिसत होतं. पण पोर सुटणार होती.

मी कमरेची पिशवी सोडली. सही केली.

त्यानंतरच्या दुपारी मी खोलीबाहेर बसून राहिले. ऊन कलेपर्यंत.

एकही आवाज नाही.

झुंबरबाईने त्या संध्याकाळी चूल पेटवली. कितीतरी दिवसांनी.

मग पाऊस झाला, पेरण्या झाल्या. मलाही झोप लागू लागली. आणि परवा रुक्माबाईचा फोन आला. शिंदखेड्याकडच्या एका गावची सरपंच, माझ्या माहेरची.

"अक्का, आमच्याकडे ऑपरेटर दिली म्हणे कंपनीने. तुमच्या गावावरून बदली होऊन आली. कॉम्प्युटरवर रोज हजर आहे..."

"मग?"

"दिसत नाही गं कुणी. पण दुपारी... थांब, तूच ऐक."

तिने फोन दाराला लावला असावा. आधी वारा ऐकू आला.

मग...

टक... टक... टक...

किण्ण.

मी फोन ठेवून दिला. कंपनीला लावला, तर तो माणूसच बदललेला. नवीन म्हणाला, "मॅडम, ती आमची चांगली ऑपरेटर आहे. एकही सुट्टी नाही."

झुंबरबाईला मी काही सांगितलं नाही. ती भेटली की विचारते, "मनी पोर सुटनी ना, अक्का?" मी हो म्हणते.

काल संध्याकाळी ती निंदणीचं काम मिळालं म्हणून सांगायला आली. मजुरी चांगली, गाडी घ्यायला येते. गाव कोणतं विचारलं, तर रुक्माबाईचं.

"नको जाऊ," मी म्हटलं.

"काबर?"

"ऊन लागेल."

"ऊन नही लागस तठे," ती म्हणाली. "दुपारनं जेवण बाया पंचायतनी सावलीमां करतस."

सकाळी गाडी तिला घेऊन गेली.

आता दुपार होत आली आहे.