गजराबाईसाहेबांचं तबक

बाईजीच्या वाडीला ग्रामसेविका म्हणून आल्यापासून मी एकच गोष्ट मागत होते. सरपंचबाईंची सही सरपंचबाईंनी करावी. आष्टीपासून अकरा किलोमीटरवरचं गाव, सरपंच दैवशालाबाई. पण रजिस्टर घरी न्यायचा आणि सही ठोकून आणायचा तो त्यांचा नवरा, राजानंद. "म्याडम, ती अन् मी काय येगळे हाव का?" असं वर तोंड करून विचारायचा. डोक्याला नुसता ताप.

दुसरा ताप गजराबाईसाहेबांचा. निजामाच्या काळात इथं छोटी जहागीर होती. जहागीरदार वारले, मुलगा पाळण्यात, आणि या बाईंनी चिकाच्या, म्हणजे बांबूच्या काड्यांच्या पडद्याआडून सोळा वर्षं कारभार हाकला. तोंड कुणी पाहिलं नाही. दरबारात काही ठरलं की विड्याचं तबक पडद्याखालून आत सरकवायचं. बाहेर आलं तर मंजूर. गाव अजून तेच करतं. ग्रामसभा त्यांच्या समाधीच्या मंडपात, मागं चिक, चिकामागं रिकामी दगडी बैठक. आत म्हातारी आसराबाई थांबते, तिच्या घराचा तो पिढीजात मान. आलेलं तबक ती मुकाट बाहेर ढकलते. आता मी सरकारी माणूस, इतिवृत्तात यातलं काय लिहू?

एक मेच्या सभेत राजानंदनं बायकोचा राजीनामा आणला. निवडणुकीतच ठरलं होतं, अडीच वर्षं यांची, अडीच समोरच्या पॅनलची. राजीनामा तालुक्याला द्यायचा असतो, हे मी तीनदा सांगितलं. "आधी तबक होऊ द्या," म्हणे.

दैवशालाबाई माझ्या कानाशी आल्या. "म्याडम, मला न्हाई द्यायचा. शाळंपस्तोर नळ आणलाय मी. आता कुठं बाया माझ्याकडं यायला लागल्यात."

"मग उठून सांगा ना तसं!" मी वैतागले. त्या आपल्या जागेवर जाऊन बसल्या.

तबक आत गेलं. बाहेर आलं नाही.

"आसरामावशे, झोपली का?" राजानंद ओरडला.

"इकडं तबकच आलं न्हाई," आतून आवाज आला.

दुसरं सरकवलं. तेही आत राहिलं. मग तिसरं. म्हातारीनं भर सभेत थट्टा मांडलीय, असं वाटून मी तणतणत पडद्यामागं गेले. आसराबाई भिंतीला पाठ लावून उभी होती, बैठकीपासून चांगली पाच हात लांब. फरशीवर एकही तबक नव्हतं. भरदुपारचा लख्ख उजेड, लपवायला साधा कोनाडा नाही. ओल्या काताचा वास मात्र येत होता.

"भायेर चला म्याडम," ती म्हणाली. "बसल्यात त्या."

मी बाहेर आले. लोकांना काय सांगणार, कपाळ?

राजानंद पेटला. "मंग हेच वाचा!" म्हणत त्यानं राजीनामाच पडद्याखाली सारला.

कागद लगेच परत आला. चार तुकडे, एकावर एक नीट रचलेले.



दैवशालाबाई उठल्या, पडद्यापुढं वाकल्या. डोळे भरले होते त्यांचे. "बाईसाहेब, माझ्या घरी चला," त्या म्हणाल्या.

"असं बोलवू न्हाई, पोरी!" आतून आसराबाई किंचाळली.

इतिवृत्तात मी 'विषय तहकूब' एवढंच लिहिलं.

पंधरा दिवसांनी रजिस्टर घेऊन मी स्वतःच दैवशालाबाईंच्या घरी गेले. माजघराच्या दाराला नवा चिक लावला होता. ओसरीवर राजानंद हात जोडून उभा होता, सकाळपासून म्हणे.

"आत सारा," तो पुटपुटला.

मी रजिस्टर सारलं. बांगड्या वाजल्या. पेन कागदावर चालल्याचं ऐकू आलं. रजिस्टर बाहेर आलं. सही दैवशालाबाईंचीच, निवडणुकीच्या अर्जावर पाहिलेली तीच थरथरती अक्षरं. एकदाचं मनासारखं झालं म्हणून मला बरं वाटलं.

"कव्हा आलात म्याडम?"

मी वळले. अंगणात दैवशालाबाई उभ्या होत्या, डोक्यावर सरपणाचा भारा. चिक दिसताच त्यांनी भारा हळूच खाली ठेवला, पदर पुढं ओढला.

"झाली का सही?" त्या कुजबुजल्या. "मंग थांबू नका. मला बी आत येऊ देत न्हाईत त्या."