दोन सुगंधा

मीठमसाला लावून सांगायची मला सवय नाही. घडलं तसंच सांगतोय.

गेल्या वर्षीची सर्वपित्री अमावास्या. रविवार, दुपारचे साडेतीन. भांडुपचं आमचं घर, सातवा मजला.

आम्हा पालवांची वंशावळ एका वेबसाइटवर तयार होत होती. घरातल्या कुणीही नावं भरायची, कुणीही बदलायची. म्हणजे गोंधळ ठरलेलाच! दहिसरची माझी चुलत बहीण श्रुतिका तर गावाला फोन करकरून मिळेल ते भरायची.

त्या दुपारी पाहतो तर आजोबांच्या, म्हणजे गुणाजी पालवांच्या, शेजारी दोन चौकटी. दोन्हींत 'सुगंधा'. सुगंधा माझी आजी. ती समोरच लसूण सोलत बसली होती.

"श्रुतिकाने घातला परत घोळ," मी वैतागून म्हणालो.

वेबसाइटनेच विचारलं, या दोन व्यक्ती एकच आहेत का?

मी 'हो' दाबलं.

एकच चौकट उरली. तिच्यात लिहिलेलं होतं... मृत्यू १९५६.

आजीचे हात थांबले.

आणि आवाज आला... कुंई... कुंई... विहिरीवरच्या कप्पीचा. सातव्या मजल्यावर!

"इली ती," आजी पुटपुटली. "सर्वेश, काय केलंस रे?"

मी सांगितलं. तिचा चेहरा पांढरा पडला.

"ता नाव तिचा. तुझ्या आज्याची पयली बायको. पोर व्हयना म्हणान तेना तिका बावीत लोटल्यान. मी उत्तरा. लग्नात माका तिचाच नाव ठेवल्यानी. कोणी इचारल्यान, सुगंधा खय, तर माका दाखवीत."

बाव म्हणजे विहीर. सासरी नवरीचं नाव बदलतात हे माहीत होतं. पण यासाठी? आजोबांची लाज वाटली.

मी घाईघाईने चौकटी वेगळ्या केल्या. आजीच्या चौकटीत 'उत्तरा' लिहिलं. वाटलं, सुटलो.

पण बाबा, काका, मी, श्रुतिका... सगळे पहिल्या सुगंधाच्या खाली गेले होते. उत्तराच्या खाली कोणीच नाही. तीनदा हलवलं, तीनदा परत तिथेच. बदल कोणी केला ते पाहिलं. नाव होतं... सुगंधा गुणाजी पालव. आजीला तर मोबाइलही धरता येत नाही.

तेवढ्यात बाबा आतून आले. "आई, चहा टाकू?"

आजी बघतच राहिली.

"कोण रे तू?"

"अगं मी, तुझा बाळा!"

"माका पोरा नाय," आजी म्हणाली.

डॉक्टर म्हणतात, वय झालं. असेल. पण तिला माहेरचं अंगण आठवतं, शेजारणींची नावं आठवतात. फक्त स्वतःची पोरं आठवत नाहीत. त्या बाईने एका दुपारीत सगळी नेली. मला तिचा राग येतो, आणि कुठल्या तोंडाने रागावू तेही कळत नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर सोसलं असतं.

आता रोज साडेतीनला कप्पी वाजते... आणि बाबा उठून गॅलरीकडे चालू लागतात.

"बाबा, कुठे?"

"आई बोलावतेय."

आजी तेव्हा समोर खाटेवर बसलेली असते.

गॅलरीच्या ग्रिलला उघडणारी खिडकी आहे. तिला मी कुलूप लावलंय. किल्ली माझ्याच खिशात असते.

काल कप्पी वाजली. मी भानावर आलो तेव्हा गॅलरीत उभा होतो. खिडकी उघडी होती...

आणि किल्ली माझ्या हातात होती.