दोन आठवडे तोंड मिटून

दवाखान्याच्या दारातच दोघांची टक्कर झाली. सुलक्षणानं सवयीनं आधी ओढणी तोंडावर धरली.

"लागलं का हो?" त्यानं विचारलं. तिनं नुसती मान हलवली.

उत्रोलीच्या या पोरीला तोंड उघडायचं म्हटलं की धडकीच भरायची. ऊस सोलताना समोरचा दात तुटला, त्या दातापायी एक स्थळ मोडलं, आणि आता रविवारी दुसरं येणार होतं. हेही मोडलं तर? पोरीनं घाई केली — आदल्या दिवशी पुण्यात जाऊन दात पांढरेशुभ्र करून आली, आणि आज तुटका भरायला भोरला हजर!

"कालच पांढरे केलेत?" डॉक्टर रश्मींनी कपाळाला हात लावला. "त्या औषधाचा अंश दातात राहतो, बाई. वर फिलिंग धरतच नाही. आज भरलं तर रविवारी पोह्यांत पडेल! दोन आठवड्यांनी, सोमवारी या."

ती बाहेर येऊन बाकावर टेकली. शेजारी तोच — भाटघरचा सोमनाथ, आईच्या कवळीसाठी थांबलेला. पडद्याआडचं सगळं त्यानं ऐकलं होतं.

"मी तोंड मिटूनच बसेन," ती पुटपुटली.

"म्हंजी पाव्हण्यांना वाटायचं, पोरीची कवळी हरवली!"

ती खळखळून हसली... आणि हात तोंडावर जाईपर्यंत उशीर झाला होता. दिसला! भीतीनं तिचे कान तापले. पण तो दाताकडं बघतच नव्हता. डोळ्यांत बघत होता, मेला!

रविवारी ती ओठ घट्ट मिटून बसली. पाहुण्यांचा निरोप आला — मुलगी घुमी आहे. आई रडली. सुलक्षणाला मात्र हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याचंच तिला जास्त भ्या वाटलं. आठवण कुणाची येत होती, हे सांगायचं कुणाला?

ठरल्या सोमवारी बाकावर सोमनाथ!

"आईंची कवळी?"

"ती तवाच मिळाली."

"मग?"

"तुमची तारीख... कानावर पडली व्हती." रुमाल पिळून पिळून त्यानं दोरी केली होती. "लई भ्या वाटतंय बोलाया. दात भरला की स्थळांची रांग लागंल. त्याच्या आदी इचारावं म्हनलं..."

"काय?" तिनं विचारलं.

"म्या बघाया आलो तर... तोंड मिटून बसाल?"

आतून डॉक्टरांनी हाक मारली. ती उठली, दाराशी थबकली.

"रविवारी या. आईंनाही आणा — पोहे मऊ करते!"

आणि ती हसली. हात तोंडावर न्यायचा राहूनच गेला.