खिंडीतला गार हीटर

दार घट्ट ओढून घ्या रे, आणि चुलीत दोन शेण्या सारा. हे माझ्या मेव्हण्याच्या, तुमुरखुयागच्या बाबतीत घडलंय. तो काही पिऊन बडबडणाऱ्यांतला नव्हे.

गेल्याच्या गेल्या वर्षी, जानेवारीची अठरा तारीख. तुमुर आपली जुनी रशियन गाडी घेऊन लांबच्या हिवाळी तळावर गवत पोचवायला गेला होता. परत निघाला तोच तिथल्याच तळावरची नान्सल्मा पोराला घेऊन धावत आली. नवरा घोड्यांमागे गेलेला, सात महिन्यांचं पोर तापानं फणफणलेलं, छातीत घुरघुर. दवाखाना ऐंशी किलोमीटर. बाहेर उणे एक्केचाळीस.

"दादा, आत्ताच्या आत्ता चला!"

रात्री साडेअकराला खिंडीच्या माथ्यावर, ओवोपाशी, म्हणजे खिंडीच्या देवाला रचलेल्या दगडांच्या राशीपाशी, तुमुरनं रिवाजाप्रमाणे तीनदा हॉर्न दिला. तेवढ्यात हीटर गार वारा फेकू लागला.

"दादा, गार येतंय!"

"म्हातारी रुसलीय जरा. काढतो समजूत."

इंजिन चालूच ठेवून तो उतरला. पाणी पुरेसं होतं. हीटरचा कॉक उघडा होता. आत हवा अडकली असेल म्हणून त्यानं पाइप सैल केला, तर उकळतं पाणी हातावर उडालं. दोन्ही पाइप चटके देत होते. म्हणजे गरम वारा यायलाच हवा होता.

येत नव्हता.

काचांवर आतून बर्फ धरला. पोराचं रडणं थांबलं. तुमुर घाईनं आत चढला.

त्यानं हीटरचा पंखा बंद केला.

वारा चालूच.

यायचा. थांबायचा. आत ओढला जायचा. पुन्हा यायचा...

श्वासासारखा.

"दादा..." नान्सल्मानं पोराच्या कपाळावर हात ठेवला. "काजळी... लावायची राहिली."

रात्री तान्हं बाहेर काढताना कपाळापासून नाकापर्यंत काजळीची रेघ ओढतात. तुमच्याही ओढली होती. म्हणजे वाटेवरच्यांना पोर दिसत नाही, ससा दिसतो. घाईत विसरली बिचारी.

"अगं, इथे चूल कुठून आणू मी!" तुमुर रडकुंडीला आला.

मग एकदम मागे पळाला. सायलेन्सरच्या नळीत बोट घातलं. कातडी पोळली. तसाच आला, पोराच्या कपाळावर रेघ ओढली.

"पोर नाही हे," तो हीटरच्या जाळीकडे बघून ओरडला. "ससा आहे! ऐकलंत? ससा!"

"ससाच," नान्सल्मा म्हणाली. दात वाजत होते. "माझा ससा..."

श्वास थांबला.

बराच वेळ... काही नाही.

मग हळूहळू ऊब आली.

पहाटे सव्वातीनला दवाखाना गाठला. पोर वाचलं. नर्सनं मेंढीचं कातडं सोडलं, लोकर सोडली, दुपटं सोडलं, आणि तुमुरवर डाफरली, "एवढ्या काळ्या हातांनी धरतात का हो पोराला?"

तुमुरनं पाहिलं. दुपट्याच्या आत, उघड्या पाठीवर, काजळीची पाच बोटं उमटली होती.

त्यानं आपला हात पुढे केला. एकच बोट काळं होतं.