बोळातला हात

ही गोष्ट रात्रीची नाही. भर दुपारची आहे. रखरखीत उन्हातली.

आणि ऐकीवही नाही. माझ्या सख्ख्या मामीच्या बाबतीत घडलेली आहे. मामी सरकारी हॉस्पिटलात नर्स आहे. निम्मं आयुष्य वॉर्डात गेलंय तिचं. मयत झाकून हात धुवायचे आणि डबा उघडून बसायचं, असं काळीज. ती उगाच काहीतरी सांगणाऱ्यातली नव्हे.

गेल्या उन्हाळ्यात मामा, मामी आणि मामाची धाकटी बहीण, म्हणजे माझी चिमणी मावशी, असे तिघे एका जुन्या राजधानीचे अवशेष बघायला गेले होते.

मावशीला चिमणी म्हणतात ते अंगकाठीवरून नाही, तोंडावरून. सकाळी डोळे उघडल्यापासून तिची जी चिवचिव सुरू होते ती झोपेतही थांबत नाही, असं मामा म्हणतो.

पण त्या दिवशी गाडीत चिमणी गप्प होती.

मामी पुढे, ती मागे. दोघींचं बोलणं बंद होतं.

कारण आजी. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात आजी मामीच्याच हॉस्पिटलात वारली. एकाएकी बिघडलं सगळं, आणि मावशीला फोन उशिरा गेला. ती पोचली तेव्हा आवराआवर चालू होती. "माझी आई होती, वहिनी," एवढंच ती म्हणाली. त्यानंतर मामीशी एक अक्षर नाही. घरात समोरासमोर आल्या तरी नाही.

सहलीचा घाट मामाने घातला तो त्यासाठीच. बाहेर पडल्या की बोलतील, असं त्याला वाटलं.

कसल्या बोलतायत.

राजवाड्याची जोती बघून झाली. पागा झाल्या, राणीचा कोरडा हौद झाला. मामी एका टोकाला, मावशी दुसऱ्या टोकाला. मध्ये बिचारा मामा, कधी हिला पाणी दे, कधी तिला टोपी दे.

शेवटी टेकाडावरचं देऊळ राहिलं होतं.

त्या देवळात देव नव्हता. राजधानी पडली तेव्हाच मूर्ती कुणीतरी हलवली, असं गाइड म्हणाला. राहिला होता तो रिकामा गाभारा, आणि त्याच्या मागून वळसा घालणारा एक अरुंद बोळ. एका दाराने आत शिरायचं, दुसऱ्या दाराने बाहेर यायचं. आत खिडकी नाही, दिवा नाही.

मामा खांबांवरच्या कोरीवकामावरून गाइडशी वाद घालत बसला. मामीला उन्हाने नको झालं होतं. पर्स मामाकडे देऊन ती सावलीला म्हणून बोळात शिरली. शिरताना तिने मागे बघितलं. मावशी दाराशी उभी होती.

आत छान गार होतं. उजव्या हाताने भिंत चाचपत ती पुढे निघाली.

पहिलं वळण आलं... आणि बाहेरचे आवाज बंद झाले.

हळूहळू कमी झाले नाहीत. बंद झाले. मामाचा आवाज, सहलीला आलेल्या पोरांचा गोंगाट, सगळंच.

मामी थांबली. तेवढ्यात...

मागून कुणीतरी तिचा डावा हात धरला.

ती दचकली नाही. उलट तिला भरून आलं. चिमणी घाबरली असणार. घाबरली तरी हात माझाच धरला, असं तिला वाटलं. तोंडाने बोलवत नसेल, पण हात तर दिला. तिनेही तो घट्ट धरला आणि दोघी पुढे चालू लागल्या.

अंधारात बोलणं सोपं जातं. मामी म्हणाली, "चिमे, ऐकतेस ना? आई शांत गेल्या गं. त्रास नाही झाला. मी त्यांचा हात धरून बसले होते. फोन करायला उठले असते तर तो हात सोडावा लागला असता."



हात आणखी आवळला गेला.

"रडतेयस का?"

नाही. रडण्याचा आवाज नव्हता. मामीने कान दिला... कसलाच आवाज नव्हता. तिच्या स्वतःच्या चपला वाजत होत्या, फरशीवर, चट चट. मागे काही नाही. पाऊल नाही. बांगडी नाही.

श्वास नाही.

आणि चिमणी एवढा वेळ गप्प?

मामीची बोटं आपोआप सरकून त्या मनगटावर गेली. इतक्या वर्षांची सवय. कुणाचाही हात हातात आला की तिची बोटं तिथेच जातात, आम्ही तिला हसतो त्यावरून.

नाडी लागेना.

तिने बोटं जरा वर घेतली. मग खाली. दाबून बघितलं. कधी कधी हात गार पडला की नाडी सापडत नाही. हात गारच होता.

पण मामीला तो गारवा ओळखीचा होता. असे हात तिने खूप हाताळले होते. चादरीखाली नीट ठेवले होते.

तिला ओरडावंसं वाटलं, पण आतून कुणीतरी बजावल्यासारखं झालं, की तुला कळलंय हे त्या हाताला कळू देऊ नकोस. ती तशीच चालत राहिली. हात हातात. 

मग तिच्या लक्षात आलं... आता ती पुढे नव्हती.

तो हात पुढे झाला होता. तो तिला नेत होता.

पायाखालची फरशी उताराला लागली. उजव्या हाताला भिंत लागेना. नुसती पोकळी. आणि खालून ओल्या मातीचा वास, नुकत्याच उकरल्यासारखा.

तेवढ्यात मागून, खूप लांबून...

"वहिनी? अगं वहिनी, कुठे राहिलीस?"

मावशी. वर्षभरात पहिल्यांदा.

तो हात जागच्या जागी थांबला.

 मामी बोलली ते वॉर्डात पेशंटशी बोलते तसं, हलक्या आवाजात. "जरा सोडता का हात? मला बोलावतायत. जाऊ दे मला, हं."

कितीतरी वेळ काही झालं नाही.

मग पकड सैल झाली. सावकाश. एकेक बोट.

मामीची बोटं अजून त्या मनगटावरच होती. निसटता निसटता तिला जाणवलं...

ठोका.

मग आणखी एक. आणि मग नीट, एकसारखे.

नाडी सुरू झाली होती.

मामी आवाजाच्या दिशेने पळाली. दोनदा भिंतीवर आपटली. बाहेर पडली तेव्हा कोपर सोललं होतं आणि ओठ पांढरे पडले होते.

मावशी पायरीवर बसली होती. "तू आत नव्हतीस?" मामीने विचारलं.

"मी? अंधार बघूनच माघारी फिरले. तू इतका वेळ काय करत होतीस आत?"

मामा आणि तिथला राखणदार बॅटरी घेऊन आत जाऊन आले. साधा बोळ. सपाट फरशी. दोन्ही अंगांना भिंत. उतार कुठेच नाही. ऊन लागलंय हिला, असं मामाने ठरवून टाकलं.

परतताना मावशी मामीला घेऊन मागच्या सीटवर बसली. रुमाल ओला करून तिच्या कपाळावर ठेवला. मामीने आजीबद्दल अंधारात जे सांगितलं होतं ते पुन्हा सांगितलं, या वेळी खऱ्या माणसाला. दोघी रडल्या. मग मामीने हाताचं सांगितलं. सगळं.

मावशीचा चेहरा उतरला.

"मग ती बाई कोण होती?"

"कोण बाई?"

"तुझ्या मागोमाग बाहेर आली ती. मला वाटलं तुम्ही बरोबर होता. उन्हात आली आणि डोळे मिटून उभी राहिली. अनवाणी होती. मनगट चोळत होती सारखं."

मामीने हळूच विचारलं, "कुठे गेली?"

"उतरून गेली खाली. गाड्या होत्या तिकडे. गर्दीत दिसली नाही नंतर."

त्यापुढे घरी येईपर्यंत चिमणीही बोलली नाही.

आता दोघींचं छान आहे. रोज फोन असतो. मामी ड्युटीवर जाते, पण नाडी बघायला मशीनच लावते. बोटं लावत नाही.

मागच्या महिन्यात मावशीने मला एकटीला गाठून आणखी एक गोष्ट सांगितली. वहिनीला सांगू नकोस, म्हणाली. त्या बाईचा चेहरा तिला आठवत नाही, कितीही आठवला तरी. पण पायऱ्या उतरताना ती कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हती, हे तिला पक्कं आठवतं.

येणाऱ्याजाणाऱ्यांच्या हातांकडे बघत होती.

मामीला मी हे अजून सांगितलेलं नाही.